बिनसाखरेचा कप आणि चपलेचं मत

माझ्यामुळे एक निर्दोष बाई जन्मठेपेला गेली आणि खरा खुनी अजून मोकळा हिंडतोय. पोलिसांना कळवायची गरज नाही, खून टीव्हीच्या मालिकेतला होता. पण तो ज्याने रचला तो लेखक खरा होता, आणि माझ्या गप्प बसण्यामुळे त्याने रहस्यकथा लिहिणंच सोडलं. जिच्यावर मी आळ घेतला ती मुलुंड पूर्वेची परबकाकू तर अगदीच खरी. निवृत्त माणसाला दिवाळी अंकात फुशारकी मारायची संधी मिळते, ती मीही थोडी मारणार आहे. पण शेवटी हे कबूल करायचंय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझं काम होतं लोकांना मत विचारायचं. सुरुवातीला साबण, चहा, पंखे, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं मुख्यतः मालिका. चॅनेलवाल्यांना नवी मालिका काढायची असली की ते आधी विचारून घेतात, बायकांना ही प्रेमकथा रुचेल का, हा खुनाचा गुंता झेपेल का. विचारायचं काम एखाद्या कंपनीकडे जातं, कंपनी अंधेरीच्या गारेगार ऑफिसात बसून प्रश्न काढते आणि ते प्रश्न हातात घेऊन घाटकोपर ते मुलुंड जिने चढायला माझ्यासारखी बाई लागते. दारावर माझी तीन नावं होती: सर्वेवाली, जनगणनावाली आणि ‘आम्हाला काही नको’.

फॉर्म समोर दिसला की माणूस फार सज्जन होतो, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. मुलुंडला एक निवृत्त गृहस्थ भेटले. म्हणाले, “मी मालिका बघत नाही. फक्त बातम्या.” मी ‘बघत नाही’वर खूण केली आणि बायकोकडे वळले. तिने एकीला नायिकेची सख्खी बहीण म्हटलं. गृहस्थ पेपरमागून म्हणाले, “ती तिची सख्खी बहीण नाही. अपघातानंतर आणलेली आहे.” बायको म्हणाली, “तो अपघात नव्हताच मुळी.” मग दोघांची जी जुंपली ती पाऊण तास. मी मधे पाणी मागितलं तर गृहस्थ म्हणाले, “थांबा हो, आत्ता महत्त्वाचं चाललंय.” खूण मात्र ‘बघत नाही’वरच राहिली, कारण नियमाप्रमाणे उत्तर बदलायचा अधिकार मला नव्हता.

भांडुपच्या एक शिक्षिका रहस्यकथांचं शेवटचं पान आधी वाचायच्या. मी कारण विचारलं. “कोण मरणार, कोणी मारलं, हे एकदा कळलं की निवांत वाचता येतं. नाहीतर भात करपतो.” आणि प्रेमकथेचं? “तिचं शेवटचं पान कशाला बघायचं? लग्नच होतं ना!” असल्या उत्तराला फॉर्मवर चौकट नसायची. मी ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचे.

घरोघरच्या प्रश्नांशिवाय दुसरा प्रकार म्हणजे ग्रुप. एकमेकींना न ओळखणाऱ्या आठ बायका कोणाच्या तरी घरी बोलवायच्या, त्यांना टीव्हीवर नव्या मालिकेचा पहिला भाग दाखवायचा, मधे चहा द्यायचा आणि मग दीड तास बोलतं करायचं. बोलतं करायला अंधेरीहून एक शिकलेली मुलगी यायची. बायका गोळा करणं आणि घर बघणं हे माझं. हॉलमध्ये कॅमेरा लागायचा, त्याची वायर बेडरूममध्ये जायची आणि चॅनेलची माणसं तिथे घरमालकिणीच्या पलंगावर मांडी घालून, समोसे खात, बायका काय बोलतात ते दुसऱ्या टीव्हीवर बघायची. बायकांना हे आधी सांगितलेलं असायचं. पाच मिनिटांत त्या विसरायच्या.

बायका गोळा करण्यात माझा हातखंडा होता, तरी एकदा मीच फसले. घाटकोपरच्या एक बाई सकाळच्या ग्रुपला ‘फक्त प्रेमकथा बघणाऱ्या’ म्हणून आल्या आणि नायकाने नायिकेला छत्री दिली तिथे रडल्या. दुपारच्या ग्रुपला चष्मा लावून, साडी बदलून ‘फक्त रहस्यकथा बघणाऱ्या’ म्हणून हजर. वर म्हणतात कशा, “मला ते रडकं प्रेमाबिमाचं सहन होत नाही.” दोघींचं नाव वेगळं, हातातली पिशवी एकच. मी त्यांना बाजूला घेतलं. तर म्हणाल्या, “मॅडम, सकाळी पण मी खोटं नाही रडले हं.” खरंच होतं ते. मी त्यांना भेटीचा डबा देऊन घरी पाठवलं.

पण माझी खरी कमाई वेगळीच. दीड तास बायका शहाण्यासारख्या बोलायच्या. नायक कसा हवा? समजूतदार. बायकोला मदत करणारा. प्रेमविवाह चालेल का? न चालायला काय झालं, काळ बदलला. मग आभार, भेटवस्तू, कॅमेरा बंद. आणि दारात वाकून चपलेचा पट्टा लावताना एखादी सहज म्हणायची, “पण मॅडम, तुम्ही त्या हिरोची आई दाखवलीच नाही. आई बघितल्याशिवाय मुलगा कसा आवडणार?” दुसरी म्हणायची, “ती त्याच्याशी लग्न करून पस्तावणार बघा. जेवल्यावर ताट तिथेच सोडून उठला तो.” हे खरं मत. मी त्याला चपलेचं मत म्हणायचे आणि वहीत वेगळं टिपून घ्यायचे. ऑफिसमधली मुलं आधी हसली. नंतर चॅनेलचेच लोक फोन करून विचारायला लागले, “जाधव मॅडम, ते रिपोर्टचं राहू दे, चपलेचं मत काय आहे?” एका नायकाची आई माझ्या वहीमुळे चौथ्या भागातून पहिल्या भागात आली. हा माझा मोठेपणा, आणि तो सांगताना मला अजूनही झकास वाटतं.

आता परबकाकू. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर त्यांचं घर, हॉल मोठा, बेडरूम वेगळी. यजमान गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून निवृत्त झालेले, ग्रुपच्या वेळी गुपचूप बागेत जाऊन बसायचे. आम्हाला असंच घर लागायचं. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे ग्रुप घेतले. चहा काकू स्वतः करायच्या, दुसऱ्या कोणाला गॅसला हात लावू द्यायच्या नाहीत. येणाऱ्या आठांत एखाददुसरीला साखर चालायची नाही. तिचा चहा काकू निळ्या फुलांच्या कपात ओतायच्या आणि बाकीचे पांढऱ्या कपांत, म्हणजे ट्रे फिरताना घोटाळा नको. काकू तशा आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला किंवा गोष्ट रंगली की मालवणीवर यायच्या.

ज्या घरात ग्रुप असतो त्या घरच्या बाईचं मत घ्यायचं नाही, असा आमचा नियम होता. ती रोजच ऐकणार, तिचं मत शिळं. अकरा वर्षांत काकूंनी शेकडो बायकांची मतं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकली. एकदा कप विसळताना म्हणाल्या, “काय गो मंगल, सगळ्या मुंबईक इचारतंस, माका मात्र कोणी इचारीत नाय.” मी हसून म्हटलं, “काकू, नियम आहे ना.” त्याही हसल्या. मला तेव्हा ते हसण्यावारी वाटलं.

मग ती खुनाची मालिका आली. मोठ्या घरातला कर्ता माणूस मरतो. अपघात वाटतो, पण असतो खून. पहिल्या भागात विधवा, पुतण्या, आजोबा अशी घरातली सगळी माणसं, त्यांची स्वयंपाकीण, एक इन्स्पेक्टर आणि चौकशीला आलेला एक विमा कंपनीचा माणूस दिसतो. तो म्हणतो, या घरात मी पहिल्यांदाच येतोय. भाग बघून बायकांनी सांगायचं की खुनी कोण वाटतो. बायका जितक्या गोंधळतील तितकं चॅनेलला हवं होतं.

दोन दिवसांत चार ग्रुप झाले, सगळे काकूंकडे. बेडरूममध्ये पलंगावर चॅनेलच्या रिया मॅडम आणि कोपऱ्यात शिवणाच्या मशीनजवळच्या स्टुलावर लेखक निमकर. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला बिचकणारा माणूस. मालिकेची फाईल पलंगावरच पडलेली असायची. मी नेहमीप्रमाणे हॉलच्या दाराशी, टीव्हीकडे पाठ आणि बायकांकडे तोंड करून बसले. माझं काम चेहरे बघायचं, मालिका बघायचं नव्हतं. भाग संपून चहा फिरायला लागला की कॅमेरा बंद व्हायचा आणि मी आत चॅनेलवाल्यांना हवं-नको बघायला जायचे.

पहिल्या ग्रुपला आठही बायका म्हणाल्या, विमावाला. दुसऱ्याला तेच. का? “त्याची नजर बरी नाही.” “असंच वाटतं.” “फार गोरा आहे.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा बत्तीसपैकी एकतीसजणींनी विमावाल्याला पकडलं होतं. बत्तिसावीला डुलकी लागली होती.

रिया मॅडम बेडरूममधून बाहेर आल्या त्या कपाळावर हात मारतच. “यार, वाट लागली! सगळ्यांना पहिल्याच भागात कळतंय. हे कसलं रहस्य?” निमकर त्यांच्या मागे उभे होते. ते एवढंच पुटपुटले, “पण कपाचं कोणीच काही बोललं नाही.” मला वाटलं यांना चहा मिळाला नाही. मी आत हाक मारली, “काकू, सरांना चहा द्या.” त्यांनी तो घेतला आणि न पिताच निघाले.

शेवटच्या बायका दारात चपला घालत होत्या. त्यातली एक खुशीत म्हणाली, “बघा, बरोबर आलं की नाही? त्या काकूंनी चहा देतानाच सांगितलेलं, विमावाल्यावर लक्ष ठेवा म्हणून.”

चारही ग्रुप फुकट! आयुष्यभर मी एक खोटा फॉर्म भरला नव्हता आणि इथे बत्तीस मतं चहाबरोबर वाटली गेली होती. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले.

“काकू, तुम्ही बायकांना खुनी सांगितलात?”

“हो, सांगितला.” काकू ट्रे पुसत होत्या. “बायका येड्यासारख्या त्या पुतण्यावर संशय घेत होत्या. माका बघवना.”

“तुम्ही पलंगावरची फाईल वाचलीत. अकरा वर्षं मी तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही फाईल वाचलीत!”

काकूंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ट्रे फळीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “बरा. वाचली म्हण.”

मी त्याला कबुली समजले. इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचण्याचा पगार घेतला, आणि समोरचा एक चेहरा मला वाचता आला नाही.

रिया मॅडमना सांगणं माझं कर्तव्य होतं. एक फोन करायचा होता: मतं बाटली आहेत, पुन्हा ग्रुप घ्या. मी केला नाही. केला असता तर चारही ग्रुपचा ठपका माझ्यावर आला असता, आणि जाधव मॅडमच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे नाव गेलं असतं. मला ते नाव फार प्रिय होतं. मी रिपोर्टवर सही केली. काकूंचं घर यादीतून काढलं आणि भांडुपला दुसरं बघितलं.

चॅनेलने खुनी बदलला. विमावाला निर्दोष सुटला आणि खून कोणाच्या गळ्यात घातला, तर स्वयंपाकिणीच्या. का, तर तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता. नसणारच, तिने काही केलंच नव्हतं! शेवटी बिचारी कॅमेऱ्यात बघून विकट हसली आणि जन्मठेपेला गेली. प्रेक्षकांनी मालिकेला नावं ठेवली आणि ती लवकरच गुंडाळली. त्यानंतर निमकरांचं नाव मला फक्त प्रेमकथांवर दिसायचं. तेही चाललं असेल त्यांचं, म्हणून मी मनाची समजूत घातली.

निवृत्त झाले तशी दुपार मोकळी मिळायला लागली. भाचीने मोबाइलवर मालिका बघायला शिकवलं. एके दिवशी ती खुनाची मालिका समोर आली आणि मी पहिला भाग लावला. इतक्या वेळा तो माझ्या पाठीमागे चालला होता, पण बघत होते पहिल्यांदाच. एका प्रसंगात विमावाला म्हणतो, “पेढा नको, मला साखर चालत नाही.” मग स्वयंपाकीण चहाचा ट्रे आणते. पाच पांढरे कप आणि एक तपकिरी. ट्रे विमावाल्यासमोर येतो. तो बोलता बोलता, न विचारता, तपकिरी कप उचलतो. पुढे घरातले आजोबा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, “आज माझ्यात साखर कशी?” बस, एवढंच. पुढचं दृश्य सुरू.

मी मोबाइल खाली ठेवला. त्या घरात बिनसाखरेचा चहा तपकिरी कपात असतो, हे पहिल्यांदा आलेल्या माणसाला कसं कळलं? तो तिथे आधी येऊन गेलेला होता. पुरावा ट्रेमध्ये उघडा ठेवलेला होता, आणि तो दिसला कोणाला, तर जिने अकरा वर्षं माझ्या बायकांसाठी निळ्या फुलांचा कप वेगळा ठेवला तिला. काकूंनी फाईल वाचलीच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडला गेले. काकू जरा वाकल्या होत्या, बाकी तशाच. मी दारातच म्हटलं, “काकू, तपकिरी कप.”

“आता दिसलो तुका?” त्या म्हणाल्या.

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस खंय? तू सांगितलंस.” त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तुझा काम काय? इचारूचा. हजार लोकांक इचारलंस. आणि माका काय म्हटलंस? फाईल वाचलीत. मग मी म्हटलंय, बरा.”

मी माफी मागितली, नीट, हात धरून. काकू म्हणाल्या, “जाऊ दे. पण त्या चाय करणाऱ्या बाईक खुनी केल्यानी, तां माका खूप लागला.”

निमकरांचा नंबर जुन्या ओळखीतून काढला आणि सगळं सांगितलं, सही केली तेसुद्धा. मला वाटलं, शिव्या देतील.

“जाधवबाई,” ते म्हणाले, “तो कप मी भांडून ठेवायला लावला होता. दिग्दर्शक म्हणत होता, कोणाच्या लक्षात येणार आहे? आणि त्या एकतीस बायकांनी कप न बघताच खुनी ओळखला, तेव्हा मी समजलो की माझं रहस्य इतकं भिकार आहे की त्याला पुरावाही लागत नाही. त्यानंतर खुनाची एक ओळ लिहिली नाही मी. रोज लग्नं लावतो.” मग विचारलं, “त्यांनी खरंच कप बघितला?”

“फक्त कपच बघितला.”

“मला पत्ता द्याल का?”

पुढच्या रविवारी सकाळी ते बोरिवलीहून मुलुंडला आले. काकू गॅसकडे निघाल्या तशी मी त्यांना दंडाला धरून हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं, जिथे माझ्या बायका बसायच्या तिथेच. “आज तुम्ही बोलायचं. चहा मी करते.” निमकरांनी वही उघडली आणि विद्यार्थ्यासारखे समोर बसले.

“काकू, तुम्हाला मालिका कशी वाटली?”

काकूंनी पदर सारखा केला. अकरा वर्षं साठलेलं होतं, ते सुरू झालं. कप चांगला होता, पण आजोबांनी बोलून घाण केली, नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी पुरे होतं. पुतण्याला उगाच काळे कपडे घातले. “आणि ती विधवा! नवरो जाऊन आठ दिस नाय झाले आणि इन्स्पेक्टराक बघून हसता? आधी तेरावा तरी करूंदे तिका.” निमकर भराभर लिहीत होते. काकूंनी आवाज खाली आणला. “पण वर्षभरान तेंका भेटव हां. तो इन्स्पेक्टर माका आवडलो.”

“पुन्हा रहस्यकथा लिहिली तर वाचून सांगाल?” निमकरांनी विचारलं.

“वाचीन. पण शेवट सांगू नको. माझो मीच काढीन.”

मी ट्रे घेऊन बाहेर आले. इतकी वर्षं लोकांची मतं ऐकून माझंही एक मत तयार झालं होतंच. म्हटलं, “मला विचाराल तर तो इन्स्पेक्टर...”

“तू गप रव गो,” काकू म्हणाल्या. “तुका कोणी इचारल्यान? च्या दी तेका.”

मी चहा दिला.